हार्ड डिस्क गेली म्हणण्याआधी

फाइल कॉपी करायला लावली की माउसचा बाण अडखळतो, चालू गाणे तुटक वाजू लागते. टास्क मॅनेजर उघडला तर एकही प्रोग्रॅम फारसे काम करताना दिसत नाही, तरी प्रोसेसर मात्र गुंतलेला. जुन्या कॉम्प्युटरची ही लक्षणे सांगितली की निदान बहुधा ठरलेले असते: हार्ड डिस्क गेली, नवी टाका. खूपदा हे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे ठरते. माहिती साठवणाऱ्या तबकड्या ठणठणीत असतात आणि बिघाड असतो त्यांच्यापासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर.

ही वाट डिस्कच्या पोटाशी बसवलेल्या सर्किट बोर्डपासून सुरू होते. मग येते केबल, त्यापुढे मदरबोर्डवरचा कंट्रोलर आणि शेवटी त्या कंट्रोलरला चालवणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डिस्क जोडण्याची आयडीई पद्धत आली आणि डिस्क चालवणारे बहुतेक इलेक्ट्रॉनिक्स वेगळ्या कार्डावरून थेट डिस्कवरच गेले. मदरबोर्डवरच्या कंट्रोलरकडे उरले मुख्यतः माहितीची ने-आण करण्याचे काम. हे काम दोन तऱ्हांनी होते, आणि सगळी गोम तिथेच आहे.

पहिली तऱ्हा पीआयओ. यात प्रोसेसर स्वतः दर खेपेला दोन बाइट उचलतो. डिस्कवरच्या ५१२ बाइटच्या एका कप्प्यासाठी, म्हणजे सेक्टरसाठी, २५६ खेपा! दुसरी डीएमए. यात कंट्रोलर माहिती परस्पर मेमरीत नेऊन ठेवतो आणि प्रोसेसर दुसऱ्या कामाला मोकळा राहतो. पीआयओचा चौथा मोड सेकंदाला कमाल १६.७ मेगाबाइटपर्यंत जातो, तर यूडीएमएचा, म्हणजे डीएमएच्याच वेगवान प्रकाराचा, पाचवा मोड १०० मेगाबाइटपर्यंत. गाणे तुटते ते प्रोसेसर या हमालीत अडकल्यामुळे.

पण डीएमएवर चालणारा कॉम्प्युटर आपण काहीच न बदलता पीआयओवर येतो कसा? यूडीएमएमध्ये माहितीचा प्रत्येक हप्ता संपला की त्यावरून काढलेला सीआरसी नावाचा आकडा सोबत पाठवतात. वहीच्या पानाखाली बेरीज लिहावी आणि समोरच्याने ती पडताळून पाहावी, तसे हे. बेरीज जुळली नाही तर माहिती पुन्हा मागवली जाते, आणि फाइल सहसा बिनचूकच पोचते. विंडोज एक्सपी मात्र अशा चुकांची मोजदाद ठेवते. सीआरसीच्या किंवा वेळेत उत्तर न आल्याच्या एकूण सहा चुका भरल्या की ड्रायव्हर वेग एक पायरी उतरवतो, आणि असे उतरत उतरत पीआयओवर येऊन थांबतो. चुका लागोपाठच व्हायला हव्यात असेही नाही. रीस्टार्ट केले तरी वेग परत चढत नाही. ड्रायव्हरचा हेतू चांगला आहे, कारण हळू चालणे चुकीची माहिती घेण्यापेक्षा बरे. पण हा निर्णय तो पडद्यावर कुठेच सांगत नाही, आणि मला ही त्याची मोठी उणीव वाटते.

खात्री करणे सोपे आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेल उघडून अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज पाहा. ‘करंट ट्रान्सफर मोड’समोर हार्ड डिस्कसाठी पीआयओ दिसले तर संन्याशाला सोडून द्या. तो चॅनेल अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केले की विंडोज तो नव्याने ओळखते आणि वेग पूर्ववत होतो. मात्र चुका ज्यामुळे होत होत्या ते कारण तसेच राहिले, तर गाडी पुन्हा त्याच स्टेशनवर येणार.

कारण शोधायला डिस्क स्वतःच मदत करते. तिच्या आत स्मार्ट नावाची नोंदवही असते आणि ती दाखवणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात. त्यातले तीन आकडे पाहावेत. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि अजून निर्णय न झालेले सेक्टर. हे दोन वाढत असतील तर दोष खरोखर तबकडीचा आहे. अशा वेळी बाकी सगळे प्रयोग थांबवून आधी माहितीची प्रत काढावी. दुरुस्तीच्या नादात मरणासन्न डिस्कला तासन् तास पळवणे अंगाशी येते. क्रमांक १९९ मात्र वाटेतल्या सीआरसी चुका मोजतो (काही प्रोग्रॅममध्ये तो सी७ असा दिसतो). पहिले दोन शून्यावर आणि हा शेकड्यांत असेल, तर संशयाची सुई केबलकडे वळते. नवी केबल लावली तरी हा आकडा शून्यावर येत नाही. म्हणून तो कागदावर लिहून ठेवावा, एक मोठी फाइल कॉपी करावी आणि पुन्हा पाहावा. तो जागचा हलला नाही तर रोग गेला.

केबलचेही शास्त्र आहे. जुन्या चपट्या आयडीई केबलमध्ये ४० तारा असत. वेग सेकंदाला ३३ मेगाबाइटच्या पुढे गेल्यावर शेजारच्या तारांचे सिग्नल एकमेकांत मिसळू लागले, म्हणून मध्ये ४० ग्राउंडच्या तारा घालून ८० तारांची केबल आली. कनेक्टरच्या पिना मात्र ४०च राहिल्या. हिचे निळे टोक मदरबोर्डकडेच लावायचे, काळे मास्टर म्हणजे पहिल्या डिस्कला आणि मधले करडे स्लेव्ह म्हणजे दुसरीला. लांबी १८ इंचांपेक्षा जास्त नको. आयडीईनंतर आलेल्या साटा पद्धतीच्या केबलमध्ये हा घोळ नाही, पण खटका नसलेली जुनी साटा केबल किंचित सैल झाली तरी १९९ चढू लागतो. एवढ्यासाठी नवी डिस्क घेणे मला पटत नाही.

दुसरा नेहमीचा घोटाळा वेगळाच. कॉम्प्युटर काल चालत होता, आज विंडोजचा लोगो दिसताच निळा पडदा येतो आणि त्यावर ७बी या अक्षरांनी संपणारा कोड. अशा वेळी घड्याळ पाहा. तारीख कित्येक वर्षे मागे गेली असेल तर मदरबोर्डवरची तीन व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी संपली आहे. ती संपली की बायॉसच्या (कॉम्प्युटर सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग्ज मूळपदावर जातात, आणि त्यात साटाचा मोडही बदलू शकतो: साटासाठीच्या नव्या एएचसीआय पद्धतीचा जुन्या पद्धतीचा आयडीई, किंवा उलट. सुरुवातीच्या फाइल विंडोज बायॉसच्या मदतीने वाचते, म्हणून लोगो दिसतो. मग सूत्रे तिच्या स्वतःच्या ड्रायव्हरकडे जातात. सुरुवातीलाच चालू करायच्या यादीत या मोडचा ड्रायव्हर नसेल, तर समोर असलेली डिस्कही तिला दिसत नाही. बॅटरी बदला, मोड पहिल्यासारखा करा. पुन्हा इन्स्टॉल करण्याची गरज नसते. मोड मुद्दाम बदलायचा असेल तर विंडोज १०मध्ये आधी सेफ मोडचा पर्याय निवडून ठेवावा, मग बायॉसमध्ये बदल करावा. सेफ मोड एकदा व्यवस्थित सुरू झाला की नेहमीची सुरुवातही जमते. एक्सपीकडे एएचसीआयचा स्वतःचा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे तिथे आयडीई मोडच बरा.

इतके करूनही दोष हार्डवेअरचा की विंडोजच्या ड्रायव्हरचा हे ठरत नसेल, तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करावे. इन्स्टॉल करायचे नाही, फक्त चालवायचे. तिथे डिस्क सुरळीत आणि वेगात वाचली गेली, तर केबल आणि कंट्रोलर बहुधा निर्दोष आहेत. विंडोजचा ड्रायव्हर पाहायचा. तिथेही अडखळली तर टर्मिनलमध्ये ‘डीमेसेज’ (dmesg) ही आज्ञा देऊन कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदी वाचाव्यात. चुका वाढल्या की लिनक्सही वेग उतरवते, पण तसे लिहून ठेवते. केबल चुकीची असेल तर ४० तारांच्या केबलमुळे वेग ३३वर रोखला आहे, हेसुद्धा त्याच नोंदीत सापडते.