गुलमोहर आणि घेवडा: एकाच कुळातली दोन टोकं

मे महिन्यात वळवाची एखादी सर येऊन गेली की कोल्हापुरात गुलमोहराखालचे रस्ते लाल होतात. त्याच सुमाराला परसात किंवा गच्चीवरच्या कुंडीत घेवड्याचं म्हणजे फरसबीचं बी टोकायची तयारी सुरू होते. गुलमोहर दहा-बारा मीटर वाढून माणसाच्या आयुष्याइतका टिकू शकतो. घेवडा दोन महिन्यांत शेंगा देतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वाळून जातो. तरीही वनस्पतिशास्त्र या दोघांना एकाच कुळात बसवतं. फॅबेसी म्हणजे शेंगावर्गीय वनस्पतींचं हे कुळ सुमारे वीस हजार जातींचं आहे. सपुष्प वनस्पतींमध्ये त्याहून मोठी कुळं दोनच, सूर्यफुलाचं आणि ऑर्किडचं.

हे नातं खोडात किंवा उंचीत शोधून सापडत नाही. ते शेंगेत सापडतं.

हिवाळ्यात गुलमोहराखाली पडलेली एखादी काळपट शेंग उचलून पाहा. अर्धा हात लांब, चपटी, लाकडासारखी टणक. मुलं तिची तलवार करतात ती उगाच नाही. तिच्या दोन्ही कडांवर शिवण दिसते. पूर्ण वाळल्यावर शेंग या शिवणींवरच उकलते आणि आत आडव्या खणांत एकेक लांबट, तपकिरी रेघांची बी बसलेली दिसते. आता स्वयंपाकघरात या. घेवडा निवडताना टोक मोडून आपण कडेचा दोरा ओढतो. हा दोरा त्याच शिवणीवरून जातो. फुलातल्या एकाच बीजकोशाची भिंत मिटून शेंग तयार होते, म्हणून तिला दोन कडा असतात आणि त्या कडांवर धाग्यांच्या जुड्या. रानटी घेवड्यात हे धागे वाळताना आखडतात, शेंग पिळवटून फटकन फुटते आणि बिया लांब उडतात. झाडाच्या दृष्टीनं ही सोय, पण पीक काढणाऱ्याच्या दृष्टीनं नुकसान. म्हणून हजारो वर्षं शेतकऱ्यांनी न फुटणाऱ्या शेंगांचं बी राखून ठेवलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत कॅल्विन कीनी यांनी जवळजवळ बिनदोऱ्याचे वाणही तयार केले. बाजारातल्या कोवळ्या घेवड्याचा दोरा आज बहुधा ओढावा लागत नाही, त्यामागे एवढा इतिहास आहे.

बियांचीही तीच कथा. घेवड्याचे दाणे रात्री भिजत घातले की सकाळी टम्म फुगतात. गुलमोहराची बी पाण्यात कित्येक दिवस ठेवली तरी जशीच्या तशी राहते, कारण तिचं टरफल पाणी आत शिरूच देत नाही. रोपवाटिकेत ती कानशीनं घासतात किंवा गरम पाण्यात टाकतात, मगच ती उगवते. रानात या टणकपणाचा उपयोग आहे. सगळ्या बिया एकाच पावसात उगवून, पुढे पाऊस ओढल्यानं एकदम मरून जात नाहीत. रानटी घेवड्याच्या बियाही अशाच उशिरा पाणी घेणाऱ्या होत्या. माणसानं लवकर भिजणाऱ्या, लवकर उगवणाऱ्या बिया निवडत नेल्या. (भिजले तरी लाल घेवड्याचे म्हणजे राजम्याचे दाणे अर्धकच्चे खाऊ नयेत. त्यांतलं एक प्रथिन उलट्या-जुलाबांना कारण ठरतं. भिजवलेलं पाणी फेकून दाणे चांगले खळखळून उकळले की ते निकामी होतं.)

फूल मात्र या दोघांना वेगळं करतं. गुलमोहराची पाचवी पाकळी लगेच ओळखू येते: बाकीच्या चार लाल आणि ही पांढरी-पिवळी, तांबड्या ठिपक्यांची. घेवड्यातही पाचवी पाकळी वेगळी आणि मोठी असते, फुलामागे ध्वजासारखी उभी. दोन्हींची जागा एकच. फरक पाहायचा तर उमलायच्या बेतातली कळी घ्या आणि सुईच्या टोकानं एकेक पाकळी सोडवा. घेवड्यात ही पाकळी सगळ्यांच्या बाहेर असते, इतरांना गुंडाळून. गुलमोहरात तीच सगळ्यांच्या आत, शेजारच्या पाकळ्यांच्या कडांखाली दबलेली. आकार, रंग, उंची फसवू शकतात. पाकळ्यांचा हा क्रम सहसा फसवत नाही. अभ्यासक या कुळाच्या शाखा ओळखताना कळी उकलून पाहतात ते यासाठीच.

पुंकेसर दोघांतही दहा. गुलमोहराचे दहाही सुटे, लांब, उघड्यावर. घेवड्यात नऊ एकत्र जुळलेले आणि दहावा वेगळा. शिवाय ते सगळे खालच्या दोन पाकळ्यांच्या पिळदार नळीत बंद. त्यामुळे घेवड्यात परागण बहुतेक वेळा फूल पुरतं उमलण्याआधी आतल्या आतच उरकतं. आपण राखलेलं घेवड्याचं बी पुढल्या वर्षी बहुधा त्याच गुणाचं निघतं, ते या बंद नळीमुळे.

पानांत तर टोकाचा फरक. घेवड्याच्या पानाला तीन मोठ्या पर्णिका. गुलमोहराच्या पानाला मधल्या दांड्यावर पंधरा जोड्या फांद्या आणि प्रत्येक फांदीवर पंचवीस जोड्या पर्णिका धरल्या, तर एका पानात १५०० पर्णिका होतात. पण दोन्ही पानं संध्याकाळी मिटतात. देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींतून पोटॅशियम आणि पाठोपाठ पाणी बाहेर जातं, दुसरी बाजू फुगते आणि पान वळतं. १७२९ मध्ये फ्रान्समध्ये द मॅरान यांनी लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं वेळेवर उघडत-मिटत राहिली. विसाव्या शतकात जर्मनीत एर्विन ब्युनिंग यांनी घेवड्याच्या जातभाईवर हाच प्रश्न पुढे नेला. सजीवांच्या अंतर्गत घड्याळाचा पाया अशा रीतीनं या एकाच कुळातल्या पानांवर घातला गेला.

यावरून कुणाला वाटेल की कुळाची एक शाखा झाडांची आणि दुसरी वेलींची. तसं नाही, आणि मला सांगायचं आहे ते नेमकं हेच. पळसाला पानं तीनच, हे आपल्याला ठाऊक आहे. पांगाऱ्यालाही तीनच. घेवड्यालाही तीनच. पळस आणि पांगारा हे मोठे वृक्ष असूनही घेवड्याच्या शाखेतले आहेत. उलट जमिनीवर पसरणारी लाजाळू गुलमोहराच्या शाखेत येते. बाभूळ आणि शिरीषही तिथलेच. पूर्वी या तिघांचं उपकुळ वेगळं मानत. २०१७ मध्ये जगभरच्या अभ्यासकांनी डीएनएच्या आधारे कुळाची सहा उपकुळांत नवी मांडणी केली, तेव्हा ते गुलमोहराच्या उपकुळात आले. वृक्षपण या कुळात अनेकदा आलं आणि अनेकदा गेलं. उंचीवरून नातं ठरवणं म्हणूनच धोक्याचं.

एकाच खुणेवरून अंदाज बांधण्याची अशीच चूक जमिनीच्या बाबतीत महागात पडते. शेंग येते म्हणजे झाड जमिनीला नत्र देतं, असा समज आपल्याकडे पक्का आहे. हवेत ७८ टक्के नत्र असतो, पण वनस्पतीला तो थेट घेता येत नाही. काही शेंगावर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियमसारखे जिवाणू राहतात आणि नत्र वापरण्याजोगा करून देतात. कोल्हापूर भागात खरिपात सोयाबीन आणि भुईमूग असतोच. फुलोऱ्यातलं एखादं रोप मातीसकट हलक्या हातानं उपटा, मुळावरची गाठ नखानं चिरा. आत गुलाबी दिसलं तर काम चालू आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या प्रथिनाचा. घेवड्यालाही गाठी येतात, फक्त नत्र बांधण्यात तो सोयाबीनच्या बराच मागे पडतो. म्हणून त्याला शेणखत किंवा थोडं नत्रखत लागतंच.

गुलमोहराच्या मुळावर मात्र अशा गाठी येत नाहीत. बहाव्यालाही नाहीत. त्याच मोठ्या शाखेतल्या बाभळीला आणि शिरीषाला येतात.

मूळच्या मादागास्करमधल्या गुलमोहरावर माझं मनापासून प्रेम आहे. एप्रिल-मेच्या उन्हात त्याच्याइतका रंग दुसरं कोणतं झाड क्वचितच देतं. ते मोकळ्या मैदानात, रुंद रस्त्याकडेला हवंच. पण शेताच्या बांधावर लावायचं झाड म्हणून त्याची शिफारस मी करणार नाही. त्याची मुळं वरच्यावर पसरतात आणि पिकाच्या वाट्याचं पाणी घेतात. लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात. सावली मोठी आणि नत्र काही नाही. बांधासाठी गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. फेब्रुवारीच्या आसपास त्याला गुलाबी फुलं येतात. एक तोडून घेवड्याच्या फुलाशेजारी ठेवलं तर मागची उभी पाकळी आणि खालची मिटलेली जोडी दोन्हींत सारखीच दिसेल. त्याच्या मुळांवर गाठी येतात, फांद्या पुन्हा पुन्हा छाटता येतात आणि पाला हिरवळीचं खत म्हणून सरीत टाकला की लवकर कुजतो.