तचांका: शेतावरच्या गाडीवर चढलेली मशीनगन

टांग्यात मागे बसलेल्या माणसाचं तोंड मागच्या रस्त्याकडे असतं. तचांकाची रचना डोळ्यांपुढे आणायची तर ही बैठक आठवावी. घोडे पुढे दौडतायत आणि गाडीच्या मागच्या टोकाला बसवलेल्या मशीनगनची नळी पाठलागावर आलेल्यांकडे रोखलेली.

हायरम मॅक्सिमने १८८४ मध्ये तयार केलेल्या या बंदुकीचं रशियन सैन्यातलं १९१० चं मॉडेल चाकं आणि ढालीसकट साठ किलोंहून जड होतं. नळीभोवतीच्या आवरणात चारेक लिटर पाणी भरायचं, बाजूने २५० गोळ्यांचा कापडी पट्टा सरकवायचा. पहिल्या महायुद्धात खंदकात हे धूड एका जागी ठेवून चालत होतं. १९१७ च्या क्रांतीनंतरच्या रशियन यादवी युद्धात मात्र दक्षिण युक्रेनच्या सपाट गवताळ मुलुखात आघाडी रोज सरकत होती.

तिथल्या जर्मन वसाहतवाल्यांकडे स्प्रिंग लावलेल्या हलक्या, मजबूत गाड्या होत्या. याच मुलुखातल्या हुल्याइपोले गावच्या नेस्तोर माख्नो या अराजकतावादी पुढाऱ्याच्या शेतकरी सैन्याने त्या मोठ्या संख्येने वापरल्या. एक जण लगाम धरायचा, एक नेम धरायचा, तिसरा पट्टा पुरवायचा. धावत्या गाडीतून नेम लागणं कठीण, म्हणून भरधाव जायचं, गाडी गर्रकन वळवायची, थांबून मारा करायचा आणि निघायचं. पांगायची वेळ आली की बंदूक लपवायची. उरायची ती शेतावरची साधी गाडी.

या गाड्या कुणी खुशीने दिलेल्या नव्हत्या, हे सांगायलाच हवं. १९१९ च्या शरदात याच भागातल्या मेनोनाइट (जर्मनभाषक ख्रिस्ती पंथीय) वसाहतींवर हल्ले झाले, शेकडो माणसं मारली गेली. तचांकाच्या शौर्यकथांमध्ये ही गावं सहसा येत नाहीत.

नोव्हेंबर १९२० मध्ये माख्नोचे लोक बोल्शेविकांच्या लाल सैन्याच्या बाजूने क्रिमियात लढत होते. त्यांचा सेनानी होता सेम्योन करेत्निक. बोल्शेविकविरोधी श्वेत सैन्याचा सेनापती व्रांगेल याचं घोडदळ समोरून आलं, तसे त्याचे स्वार चाल करून गेले आणि ऐन वेळी दोन्ही बाजूंना फाकले. मागे तचांकांची रांग उभी होती. समोरचं घोडदळ त्या माऱ्यात कापलं गेलं. क्रिमिया पडला आणि महिना संपायच्या आत लाल सैन्याने याच मित्रांवर शस्त्र उगारलं. करेत्निकला गोळ्या घातल्या.

गाडी मात्र टिकली. लाल सैन्यातल्या बुद्योन्नीच्या घोडदळाकडे ती होतीच. पोलंडने पुढे कारखान्यात खास लष्करासाठी बांधलेली तचांका घेतली आणि १९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हाही पोलिश घोडदळाच्या मशीनगन याच गाड्यांवर होत्या.