युद्धकालीन पिस्तूल व होल्स्टर संग्रह

दोन महायुद्धांत वापरली गेलेली लष्करी पिस्तुले त्या त्या काळाशी व सैन्यदलाशी जुळणाऱ्या होल्स्टरांसह (पिस्तूल ठेवण्याच्या म्यानांसह) जमवण्याचा आणि त्यांवरील खुणांचा अभ्यास करण्याचा छंद. अमेरिकेत व युरोपात तो रुजलेला आहे. जर्मन सैन्याने १९०८ मध्ये स्वीकारलेले लुगर पी-०८ आणि तीस वर्षांनी त्याच्या जागी आलेले वाल्थर पी-३८ ही त्यातील आवडती पिस्तुले होत. त्यांवरील अंक, वर्षे व तपासणीचे शिक्के वाचून प्रत्येक नगाचा उगम बराचसा ठरवता येतो.

लुगरच्या सांगाड्यावर पूर्ण क्रमांक असतो आणि बहुतेक लहान भागांवर त्याचे शेवटचे दोन अंक ठोकलेले असतात. क्रमांक दहा हजारांपर्यंत गेले की पुढील अक्षर जोडून गणना पुन्हा सुरू होई, त्यामुळे अक्षर न पाहता केवळ अंक जुळवणे व्यर्थ ठरते. जर्मनीच्या पुनःशस्त्रीकरणाच्या काळात उत्पादकांची नावे लपवण्यासाठी संकेत वापरले गेले : माउझर कारखान्याची खूण प्रथम ‘एस/४२’, मग ‘४२’ आणि १९४१ पासून ‘बीवायएफ’ अशी बदलत गेली. वर्षही काही काळ लपवले जाई. ‘के’ म्हणजे १९३४ आणि ‘जी’ म्हणजे १९३५. सर्व भागांचे अंक जुळणाऱ्या पिस्तुलाची किंमत बरीच अधिक असते, आणि मॅगझिनही (गोळ्या भरण्याची पेटी) त्याच क्रमांकाचे असेल तर ती आणखी वाढते.

होल्स्टरच्या बाबतीत मात्र अशी खात्री क्वचितच मिळते. लुगरचे कडक चामड्याचे होल्स्टर झाकणाच्या आत लहान अवजाराचा कप्पा आणि पुढच्या कडेला जादा मॅगझिनचा खिसा अशा ठेवणीचे असून त्याच्या पाठीवर उत्पादकाचे नाव किंवा संकेत, वर्ष व तपासणीचा शिक्का आढळतो. पिस्तुलाचा क्रमांक सहसा नसतो. म्हणून ‘जुळणारे होल्स्टर’ याचा अर्थ बहुधा एवढाच की नमुना, वर्ष आणि दल यांत विसंगती नाही. १९४१ च्या लुगरसोबत १९४१ चे काळे होल्स्टर शोभते, पण ती जोडी युद्धात एकत्र होती की मागाहून एखाद्या विक्रेत्याने लावली, हे चामडे सांगू शकत नाही. याला काही अपवाद आहेत : पहिल्या महायुद्धातील व पोलिसांकडील काही नगांवर पिस्तूल आणि होल्स्टर या दोहोंवर एकाच तुकडीचा शिक्का सापडतो. अमेरिकी सैनिकाला जप्त शस्त्र घरी नेण्यासाठी मिळालेले परवानगीपत्र उपलब्ध असेल, आणि त्यात क्रमांक नोंदलेला असेल, तर तो पुरावा कोणत्याही विक्रेत्याच्या कथेपेक्षा वजनदार मानावा.

मागणीबरोबर लबाडीही आली. जुने अंक घासून नवे ठोकले जातात. घासलेल्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट होतो किंवा निळसर मुलाम्याची छटा बदलते. नव्या चामड्यावर जुने शिक्के उठवलेली होल्स्टरेही विकली जातात. मुलामा नव्याने चढवलेले चकचकीत पिस्तूल नवख्याला भुरळ घालते, पण जाणकार झिजलेला मूळ मुलामाच पसंत करतो.

ज्या जोडीसाठी एवढा खटाटोप होतो, ती साठवताना वेगळी ठेवावी लागते. चामडे ओलावा धरते आणि कमावताना त्यात राहिलेली आम्ले व क्षार पोलादाला गंज आणतात, तर पिस्तुलाचे तेल चामड्यात मुरून ते मऊ करते. पितळी रिव्हेटांवर हिरवट थर साचतो, तो हलक्या हाताने काढणे इष्ट.

कायद्याची बंधने देशागणिक भिन्न आहेत. अमेरिकेत पन्नास वर्षांहून जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांसाठी स्वतंत्र परवाना आहे; ब्रिटनने १९९७ मध्ये पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी घातली, मात्र ऐतिहासिक नगांसाठी मर्यादित सवलत ठेवली. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा लागू असून २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली. साहजिकच एकाच नमुन्याची वर्षवार मालिका लावण्याचा प्रकार येथे खासगी छंद म्हणून जवळजवळ अशक्य आहे.