हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही, मग एवढं जहाज कशाला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण खात्याच्या खरेदी परिषदेनं नौदलासाठी 'लँडिंग प्लॅटफॉर्म डॉक' या जातीची जहाजं घ्यायला प्राथमिक मंजुरी दिली. पोटात पाणी भरून मागच्या दारातून होड्या बाहेर सोडणारं आणि वरच्या मोठ्या डेकवरून हेलिकॉप्टरं उडवणारं हे जहाज. आपल्याकडे आज असं एकच आहे, २००७ साली अमेरिकेकडून घेतलेलं 'जलाश्व'. बातमी आली आणि मालवणातल्या आमच्या ग्रुपवर लगेच शेरा पडला, "हेलिकॉप्टर काय, गच्चीवरसुद्धा उतरतं. त्याच्यासाठी पावणेदोनशे मीटरचं जहाज कशाला?" खाली अंगठ्यांची रांग.

शेरा मारणाऱ्याला दोष देता येत नाही. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन सिंधुदुर्गात झाला, तेव्हा तारकर्लीच्या वाळूत बसून हजारो लोकांनी नौदलाची हेलिकॉप्टरं पाहिली आणि ती किती सहज वावरतात हे सगळ्यांच्या मनात बसलं. पण तो डिसेंबरचा समुद्र. डिसेंबरात आमच्याकडे दर्या ताटात ओतलेल्या पाण्यासारखा असतो. त्याच पाण्यावर जुलैत काय होतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. नौदलाला मात्र बंदी नसते.

आता गच्ची आणि डेक यांतला फरक आकड्यांत बघू. फ्रिगेट जातीच्या युद्धनौकेवर हेलिकॉप्टरचा डेक अगदी मागे असतो, कारण पुढे तोफा आणि मध्ये धुरांडी, रडार वगैरे. जहाज लाटेवर पुढे-मागे झुलतं ते साधारण मध्याभोवती, म्हणजे सर्वांत जास्त हलणारी जागाच आपण हेलिकॉप्टरला दिलेली असते. जहाज फक्त दोन अंशांनी झुलतंय असं धरा आणि डेक मध्यापासून ५० मीटर मागे आहे. साइन दोन अंश म्हणजे ०.०३५. गुणाकार केला की डेक पावणेदोन मीटर वर आणि पावणेदोन मीटर खाली जातो. एक झोका आठ सेकंदांचा असेल, तर चार सेकंदांत साडेतीन मीटरचा प्रवास. झोक्याच्या मध्यावर डेकचा वेग सेकंदाला सुमारे १.४ मीटर भरतो.

हेलिकॉप्टर सेकंदाला एक मीटर या सभ्य वेगानं खाली येतंय. डेक नेमका वर येत असेल तर टक्कर होते २.४ मीटरनं. ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे चाकांच्या दांड्यांना जवळजवळ सहापट धक्का. आणि डेक खाली जात असेल तर? तो हेलिकॉप्टरच्या पुढे पळतो, चाकं टेकतच नाहीत, आणि दोन-तीन सेकंदांनी तोच डेक पुन्हा वर येऊन धडकतो. त्यात जहाज आडवंही डुलतं. एक चाक टेकलं आणि दुसरं हवेत राहिलं, तर टेकलेल्या चाकाभोवती अख्खं यंत्र कलंडू शकतं.

मग वैमानिक करतो काय? डेकचा पाठलाग करत नाही. केला तर मेंदू, हात आणि रोटर (वरची फिरती पाती) यांना लागणाऱ्या वेळामुळे तो कायम अर्धा झोका मागे राहील आणि डेक वर येत असताना स्वतः खाली जाईल. म्हणून बऱ्याच युद्धनौकांच्या हँगरवर, म्हणजे हेलिकॉप्टर ठेवायच्या शेडवर, दिव्यांची एक आडवी पट्टी असते. जायरोस्कोपच्या मदतीनं ती क्षितिजाला समांतर राहते. जहाज कितीही डुलो, पट्टी हलत नाही. वैमानिक तिच्याकडे बघून स्थिर तरंगतो, खालचा डेक आपला वर-खाली करत राहतो, आणि तो वाट बघतो.

कशाची, हे खरं मजेदार आहे. लाटा एकसारख्या येत नाहीत, त्या घोळक्यानं येतात. समजा दूरच्या दोन वादळांतून दोन लाटमाळा आल्या, एकीचा आवर्तनकाळ (लागोपाठच्या दोन माथ्यांमधला वेळ) ८ सेकंद, दुसरीचा ९. कधी दोघींचे माथे एकावर एक पडतात आणि मोठी लाट उठते. कधी एकीचा माथा दुसरीच्या खळग्यात पडतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. हे चक्र किती वेळात फिरतं? १/८ मधून १/९ वजा करा, १/७२ उरतात. म्हणजे दर ७२ सेकंदांनी एक शांत टप्पा. दोन्ही लाटमाळा सारख्याच उंचीच्या असतील, तर या ७२ पैकी साधारण १२ सेकंद हालचाल कमाल पातळीच्या पाव हिश्श्याहून कमी राहते. खऱ्या समुद्रात दोन नव्हे, शेकडो लाटमाळा असतात आणि शांत टप्पे अनियमित येतात. पण येतात, हे महत्त्वाचं.

रापणकरांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांना, हे गणित न मांडता येतं. जाळं घेऊन होडी फुटणाऱ्या लाटांतून बाहेर काढायची असते, तेव्हा सगळे कमरेभर पाण्यात होडी धरून उभे राहतात. तांडेलाची नजर बाहेर. दोन-तीन मोठ्या लाटा अंगावर घेतल्या जातात, "रव रे, ही जावंदे", आणि मग एकदम "आता लोटा!" हेलिकॉप्टरचा वैमानिक हेच करतो, फक्त बाहेर जाण्याऐवजी आत येण्यासाठी.

'दर सातवी लाट मोठी' ही समजूत जगभरच्या किनाऱ्यांवर आहे आणि तीही यातूनच निघाली असावी. आठ-नऊ सेकंदांच्या आमच्या उदाहरणात मोठी लाट आठव्या-नवव्या क्रमांकाला येते. आकडे बदलले की पाचवी येईल, नाहीतर बारावी. सातमध्ये काही दैवी नाही. नारळी पौर्णिमेच्या नारळाचंही तसंच. श्रद्धेनं जरूर अर्पण करावा, पण दर्या निवतो तो ऑगस्टात अरबी समुद्रावरचा मोसमी वारा मंदावतो म्हणून.

आता मोठ्या जहाजाचा मुद्दा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर आवर्तनकाळाचा वर्ग गुणिले १.५६. नऊ सेकंदांची लाट म्हणजे १२६ मीटर. आपली जुनी 'गोदावरी' फ्रिगेट, माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि दोन सी किंग हेलिकॉप्टरं बाळगणारी, साधारण तेवढ्याच लांबीची होती. लाट जहाजाएवढी असली की पुढचा अर्धा भाग माथ्यावर आणि मागचा अर्धा खळग्यात, अशी जहाजाची फरफट होते. २६२ मीटरची नवी 'विक्रांत' त्याच लाटेवर दोन माथ्यांना एकदम टेकून उभी राहते. लाटा तिला झुलवायला जातात आणि आपसातच रद्द होतात. 'जलाश्व' १७४ मीटरची, मधली. तेव्हा लांब जहाज घेताना जागेइतकाच पैसा स्थिरपणासाठीही मोजलेला असतो. बारा सेकंदांची लाट आली तर तिची लांबी २२५ मीटर होते आणि जलाश्वही झुलू लागते, हेही लक्षात ठेवा.

हवेचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे. साडेनऊ टनांचं सी किंग एका जागी तरंगायला १९ मीटर व्यासाच्या रोटरमधून हवा खाली ढकलतं. संवेगाच्या नियमानं हिशेब केला तर हवेचा वेग रोटरपाशी सेकंदाला ११-१२ मीटर आणि खाली दुप्पट, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर. ही हवा जमिनीवर अडली की रोटरला आधार मिळतो, कमी ताकद पुरते. डेकच्या काठावरून आत येताना मात्र हा आधार रोटरच्या चकतीच्या काही भागालाच मिळतो, कारण उरलेली चकती पाण्यावर असते. शिवाय डेक वर-खाली होत असल्यानं आधारही दर सेकंदाला बदलतो. त्यात समोर हँगरची उभी भिंत. वारा तिच्या छपरावरून येतो, कडेला सुटतो आणि भिंतीमागे भोवरा करत खाली पडतो. रोटर त्या खाली पडणाऱ्या हवेत शिरला की तेवढंच वजन तोलायला जास्त ताकद लागते, तीही नेमकी शेवटच्या क्षणी. वारा थोडा कडेनं आला तर भोवरा तिरका होतो आणि एका बाजूला जास्त बसतो. म्हणून प्रत्येक जहाज आणि प्रत्येक हेलिकॉप्टर या जोडीची वेगळी चाचणी घेऊन कुठल्या दिशेचा किती वारा चालेल याचा गोल तक्ता बनवतात. कप्तान त्या तक्त्यासाठी जहाज वळवतो. वळवलं की लाटांचा कोन बदलतो आणि झुलणं वाढतं. दोन्ही एकदम मिळणं पावसाळ्यात विरळाच.

यावर १९६० च्या दशकात कॅनडाच्या नौदलानं काढलेला तोडगा मला फार आवडतो. नाव 'बेअरट्रॅप', अस्वलाचा सापळा. हेलिकॉप्टर वरून एक बारीक दोरी सोडतं, डेकवरचे खलाशी तिला जाड तार बांधतात, ती वर ओढून पोटाखाली अडकवली जाते. मग डेकवरचा विंच, म्हणजे तार गुंडाळणारं यंत्र, तार ठरावीक ताणात धरून ठेवतो, डेक हलला तरी ताण तेवढाच. वैमानिक ताकद कमी करत नाही, तारेविरुद्ध वर खेचत राहतो. त्यामुळे हेलिकॉप्टर सापळ्याच्या बरोबर वर येतं आणि तार त्याला खाली आणते. शांत टप्पा आला की टेकायचं. सापळ्याचे जबडे पोटाखालची दांडी पकडतात. आपल्या नौदलात २०२४ साली दाखल झालेलं 'सीहॉक' ज्या पद्धतीसाठी बनवलं गेलं, ती याच सापळ्याची वंशज आहे.

बाकी गोष्टी सांगायला सोप्या, करायला कठीण. पाती दुमडून हेलिकॉप्टर हँगरात बसलं पाहिजे. आपल्याकडे बनलेल्या 'ध्रुव' हेलिकॉप्टरच्या बाबतीत नौदलाची तक्रार पाती दुमडल्यावरच्या रुंदीवरून होती. इंधन, सुटे भाग, दारूगोळा यांची जागा हवी. आणि एकामागून एक नव्हे, एकदम चार-सहा हेलिकॉप्टरं उडाली पाहिजेत. १९५६ च्या नोव्हेंबरात सुएझमध्ये ब्रिटिशांनी जहाजांवरून हेलिकॉप्टरनं सैन्य पोर्ट सईदला उतरवलं, तेव्हापासून हा हिशेब सगळ्या नौदलांनी धरला आहे.

जुलै २०२१ च्या पुरात रायगडकडे गेलेलं नौदलाचं सी किंग मुंबईच्या 'आयएनएस शिक्रा' तळावरून उडालं होतं, जहाज लागलं नव्हतं. तळ जवळ असेल तर नकोच. अंदमानपलीकडे किंवा मालदीवच्या बाजूला मदत न्यायची असेल तेव्हा तळ बरोबर न्यावा लागतो. वाहिन्या त्याला 'समुद्रावरचा अभेद्य किल्ला' म्हणतात. असलं जहाज अभेद्य बिलकूल नसतं. त्याच्या भोवती राखणदार नौका ठेवाव्या लागतात.

आता प्रयत्न चालू आहेत ते शांत टप्पा आधी ओळखण्याचे. जहाजाचं रडार समोरच्या लाटा मोजतं, संगणक डेकची पुढची हालचाल काढतो. इथे एक गंमत आहे: नऊ सेकंदांची लाट सेकंदाला १४ मीटर धावते, पण लाटांचा घोळका फक्त ७ मीटरनं सरकतो. जहाज १२ नॉट्सनं, म्हणजे साधारण ६ मीटरनं समोर जात असेल, तर अर्ध्या किलोमीटरवर दिसलेला शांत घोळका ३८ सेकंदांत डेकखाली येतो. तेवढ्या वेळात वैमानिकाला कळवायचं, त्यानं बाजूनं सरकून डेकवर यायचं आणि तार ताणून ठेवायची. अंदाज पाच सेकंदांनी चुकला तर शांत टप्प्याच्या बारा सेकंदांपैकी सातच उरतात.