रन, जॉग, डॅश, बोल्ट : सगळ्यांना 'पळणे' म्हणून कसं चालेल?

शब्दार्थाच्या पुस्तकांत रन, रश, डॅश, डार्ट, स्प्रिंट ह्या सगळ्यांपुढे 'पळणे' नाहीतर 'वेगाने जाणे' एवढंच छापलेलं असतं आणि पोरं तेच घोकतात. मला हे मनापासून खटकतं, कारण ह्यातला प्रत्येक शब्द वेगळीच गोष्ट सांगतो, कुणी शरीराची हालचाल, कुणी वेळेची घाई, कुणी भीती, आणि काहींच्या मागे तर चक्क फिजिक्स आहे.

सकाळी सहाला नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊन बघा. नाव जॉगिंग ट्रॅक, पण बरेचजण चालतच असतात, काही झपाझप, काही गप्पा मारत. आता झपाझप चालणारा माणूस आणि त्याच्या शेजारून सावकाश जॉग करणारा, दोघांचा वेग कधीकधी सेम असतो, तरी आपण एकाला चालतोय म्हणतो आणि दुसऱ्याला पळतोय, असं का? चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच, आणि पाय सरळ टेकला की शरीर त्याच्यावरून उलट्या लंबकासारखं पुढे जातं, म्हणजे पाऊल मधोमध असताना आपण सगळ्यात उंच असतो. पळताना बरोब्बर उलटं होतं, पाऊल मधोमध असताना शरीर सगळ्यात खाली दबलेलं असतं, टाचेमागचा जाड स्नायूबंध ताणला जाऊन ऊर्जा साठवतो आणि पुढच्या क्षणी माणूस टप्पा पडलेल्या चेंडूसारखा वर उसळतो, दोन्ही पाय हवेत. मोठ्या माणसाचं शरीर तासाला साधारण ७ किलोमीटरच्या आसपास आपोआप चालण्यावरून पळण्यावर जातं.

भाषेलाही ही रेघ दिसते का, हे मानसशास्त्रज्ञ बार्बरा माल्ट आणि सहकाऱ्यांनी तपासलं, २००८ साली 'सायकॉलॉजिकल सायन्स' ह्या जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला. ट्रेडमिलवर वेगवेगळ्या वेगाने जाणाऱ्या माणसाचे व्हिडिओ इंग्रजी, डच, स्पॅनिश आणि जपानी बोलणाऱ्यांना दाखवले आणि विचारलं, हा काय करतोय? बारीक भेद भाषेभाषेत वेगळे निघाले, पण चालणं संपून पळणं कुठे सुरू होतं ती रेघ चारही भाषांत एकाच जागी पडली. मला हा निकाल फार आवडतो, शरीराने आखलेली रेघ चार भाषांनी आपापली पाळलेली आहे.

जॉग आणि स्प्रिंटमधला फरक नुसत्या स्पीडचा नाही, इंधनाचाही आहे. जॉग म्हणजे श्वासातला ऑक्सिजन पुरतोय आणि बाजूच्याशी बोलताही येतंय असं पळणं, तर स्प्रिंटमध्ये स्नायू आधीपासून साठवलेली ऊर्जा काही सेकंदांत उधळून टाकतात, म्हणून ती लांबवर टिकतच नाही. आपल्या नाशिकच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १०,००० मीटरला ब्राँझ मिळवलं, म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या २५ फेऱ्या, ह्याला जॉग म्हणणं तिचा अपमान आणि स्प्रिंट म्हणणं शास्त्राला धरून नाही, तिथे रनच.

रश आणि हरी मात्र पायांबद्दल बोलतच नाहीत, ते घड्याळाबद्दल बोलतात. रिक्षात बसून सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बसस्टँडला, बस पकडायला निघालेला माणूस रश करतोय असं म्हणता येतं, स्प्रिंट करतोय म्हणता येत नाही. डॅश म्हणजे जवळच्याजवळ पटकन मारलेली धाव, पाऊस आला आणि पार्किंगपासून दुकानापर्यंत पळालात तर डॅश, मॅरेथॉनला कुणी डॅश म्हणणार नाही. डार्ट म्हणजे मुळात फेकायचा छोटा भाला आणि बोल्ट म्हणजे बाण, म्हणून दोन्हींत अचानक सुटणं आहे, आणि घोडा बोल्ट झाला म्हणजे तो बुजून उधळला.

घोड्यांच्या बाबतीत तर मराठीही काही कमी नाही. ट्रॉट म्हणजे आपली दुडकी चाल, गॅलप म्हणजे चौखूर उधळणं. चौखूर पळताना चारही पाय एकदम हवेत असतात का ह्यावर खूप वाद होता, तो १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिज ह्या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून मिटवला, असतात, पण चित्रकार काढायचे तसे ताणलेले नाहीत, पोटाखाली गोळा झालेले.

मराठीत असे शब्द कमी आहेत असं वाटतं, कारण आपण ते क्रियापदात शोधतो. लेनर्ड टॅल्मी ह्या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलं की काही भाषा 'कसं गेला' हे क्रियापदात भरतात, काही 'कुठे गेला' ते भरतात. इंग्रजीत घरात 'रन' करतात, आपण पळत घरात 'शिरतो'. कसं ते आपण बाहेर ठेवतो, तुरुतुरु, लगबगीने, भरधाव, सुसाट, धूम. उंदराच्या 'स्करी'ला आपलं तुरुतुरु अगदी चपखल बसतं, छोटे पाय, भरभर पावलं, सगळं त्यात आलं.

आणि धावणे-पळणे हेही एक नाहीत बरं का. मदतीला माणूस धावून येतो, पोलीस दिसले की चोर पळून जातो, उलट करून बघा, जमत नाही. एक कशाकडे तरी जातं, दुसरं बऱ्याचदा कशापासून तरी लांब. तशी पोरं मैदानावर पळतातही आणि धावतातही, पण कविता राऊत धावपटू, आणि लढाई सोडून जाणारा पळपुटा.