वायर नसलेला कॅमेरा

इंदूरच्या रामबागेत आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन वर्षांपूर्वी कॅमेरा लागला. पांढरा घुमट, आत लुकलुकणारा लाल दिवा. पंधरा दिवसांत गाड्या रांगेत लागू लागल्या आणि खांबावरच्या गुटख्याच्या पिचकाऱ्या थांबल्या. दिवाळीच्या रंगकामात पेंटरने तो घुमट उतरवला, तर मागे वायरच नाही! सेक्रेटरीकाका म्हणाले, "खऱ्याला बजेट कुठे होतं? तू कुणाला सांगू नकोस." (बिल्डिंगवाल्यांनी हा लेख वाचू नये.)

काकांना ठाऊक नसेल, पण ही युक्ती जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताची. 1791 साली त्याने गोलाकार तुरुंगाचा आराखडा छापला: मधोमध मनोरा, भोवती कोठड्या. मनोऱ्यातल्या पहारेकऱ्याला सगळे कैदी दिसणार, पण तो आत्ता बघतोय की नाही हे कैद्याला कधीच कळणार नाही. मग पहारेकरी नसला तरी चालतं.

नजरेला आपण इतके दबतो, कारण तिची जाण आपल्यात फार खोल रुजलेली आहे. दोन ते पाच दिवसांचं बाळसुद्धा नजर वळवलेल्या चेहऱ्यापेक्षा थेट आपल्याकडे बघणारा चेहरा जास्त वेळ न्याहाळतं. 2006 साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी विभागातल्या चहा-कॉफीच्या जागी एक गंमत केली. तिथे पैसे आपले आपण डब्यात टाकायचे, बघायला कुणी नाही. दरपत्रकावर एका आठवड्याला फुलांचं चित्र, पुढच्याला डोळ्यांच्या जोडीचं. डोळ्यांच्या आठवड्यांत, खपलेल्या दुधाच्या हिशेबाने (दुधावरून किती चहा-कॉफी प्यायली गेली याचा अंदाज येतो), जवळजवळ पावणेतीन पट पैसे जमले. नुसत्या कागदावरच्या डोळ्यांनी! पुढे मात्र अनेक प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा डोळ्यांच्या चित्रांनी माणूस उदार होतो हा दावा टिकला नाही. वाईट वागणं थोडं आवरतं, याला जरा बरा आधार मिळाला.

आवरतं म्हणजे काय, हेही बघायला हवं. त्याच विद्यापीठात सायकलींच्या तीन स्टँडांवर डोळ्यांची पोस्टरं लावली. तिथल्या चोऱ्या 62 टक्क्यांनी घटल्या, आणि पोस्टर नसलेल्या जागी 65 टक्क्यांनी वाढल्या. हे वाचलं आणि मला आमच्या दुसऱ्या मजल्याचं वळण आठवलं. पार्किंगमधल्या पिचकाऱ्या बंद झाल्या नव्हत्या, जिना चढून वर गेल्या होत्या.

नजरेचा दुसरा परिणाम मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी झुरळांवर दाखवला. प्रेक्षक म्हणून इतर झुरळं बसवली, तर झुरळ सरळ वाटेवरून जास्त वेगाने पळतं. पण वाट वळणाची असली तर त्याला जास्त वेळ लागतो. सरावाचं काम नजरेखाली सुधारतं, नवं शिकणं अडखळतं. मुलीला ॲक्टिव्हा शिकवताना गल्लीतले काका ओट्यावर येऊन बसले, की ती ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर पिळते, ते यामुळेच असावं.

मला खरी काळजी वाटते ती न केलेल्या गोष्टींची. जून 2013 मध्ये अमेरिकी सरकार इंटरनेटवर पाळत ठेवतं हे उघड झालं. त्यानंतर विकिपीडियावरच्या दहशतवादाशी संबंधित लेखांचं वाचन घसरल्याचं एका अभ्यासात दिसलं. ज्ञानकोश वाचणं काही गुन्हा नव्हता. तरी लोकांनी आपणहून हात आखडला, आणि आखडलेला हात कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही.

पूर्वी आमच्या वाड्याच्या ओट्यावर एक आजी बसायच्या. त्यांचीही पाळतच होती, पण त्या दुपारी कधी डुलकी घेतात हे सगळ्या पोरांना पाठ होतं. शिवाय मी रडत घरी आलो तर का रडतोय हे त्या विचारायच्या.

परवा सराफ्यातून, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातून, भुट्ट्याचा कीस खाऊन रात्री साडेबाराला परतलो. स्कूटर तिरपी लावली, दोन पायऱ्या चढलो. वर लाल दिवा लुकलुकत होता. मुकाट्याने खाली उतरलो आणि स्कूटर सरळ केली.