लॉगिन-प्रमाणीकरण व दोषशोध, सामायिक संगणकांवरील

एकाच संगणकावर किंवा संगणकसमूहावर अनेकांची खाती असतात, तेव्हा प्रवेश मागणारी व्यक्ती त्या खात्याचीच आहे का, हे यंत्राने पडताळणे म्हणजे प्रमाणीकरण. ते अडले की व्यवस्थापकाकडे ‘लॉगिन होत नाही’ एवढीच तक्रार येते. या एका तक्रारीच्या पोटात तीन निराळ्या गोष्टी असू शकतात : ओळखच न पटणे, ओळख पटूनही प्रवेशाची मुभा नसणे आणि मुभा मिळूनही सत्र सुरू न होणे. दोषशोधात आधी या तिन्ही वेगळ्या कराव्या लागतात.

उगम : संगणकावरील पासवर्डची सुरुवात साधारणपणे अमेरिकेतील एमआयटीच्या सीटीएसएस या कालविभागी (एकाच वेळी अनेकांना यंत्र वापरू देणाऱ्या) प्रणालीपासून धरतात आणि श्रेय फर्नांडो कोर्बाटो यांना देतात. वर्ष बहुधा १९६१ दिले जाते. मात्र ते प्रणालीच्या पहिल्या प्रात्यक्षिकाचे वर्ष आहे. त्या वेळी चारच वापरकर्ते होते आणि प्रत्येकाचे काम स्वतंत्र चुंबकीय फितीवर साठवले जाई. सर्वांच्या फायली एका डिस्कवर आल्यानंतरच खाजगीपणाचा प्रश्न तीव्र झाला असावा. संशोधक ॲलन शेर यांच्या आठवणीनुसार १९६२ मध्ये त्यांनी सर्वांच्या पासवर्डांची फाइल छापून घेतली होती. वाट्याला येणारा संगणक-वेळ अपुरा पडत असल्याने त्यांना इतरांच्या खात्यांवरचा वेळ हवा होता. म्हणजे पासवर्ड तोवर आलेले होते, म्हणून उगमाचे वर्ष ‘१९६२ पर्यंत’ असे म्हणणे अधिक सुरक्षित वाटते. कोर्बाटो यांनी स्वतः आपल्याला आद्य जनक म्हणवून घेण्यात उत्साह दाखवला नाही.

याच प्रणालीवर एकदा पासवर्डची फाइल आणि रोजची सूचना दोघे व्यवस्थापक एकाच वेळी संपादित करत होते. दोघांच्या तात्पुरत्या फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर सर्वांचे पासवर्ड उमटू लागले. युनिक्स या संगणक-प्रणालीवर काम करणारे रॉबर्ट मॉरिस व केन टॉमसन हा प्रसंग साठच्या दशकाच्या आरंभी ठेवतात. सीटीएसएसवर काम केलेल्यांच्या आठवणींत तो १९६६ च्या सुमाराचा आहे. दुसरे मत प्रणालीच्या जवळच्या माणसांचे असल्याने अधिक ग्राह्य आहे.

पासवर्ड जसाच्या तसा न साठवता त्याचे उलट न फिरवता येणारे रूप साठवावे, ही कल्पना साठच्या दशकात केंब्रिज विद्यापीठात रॉजर नीडहॅम यांनी पुढे आणली. युनिक्समधील तिचा इतिहास मॉरिस व टॉमसन यांच्या १९७९ च्या निबंधात आहे. त्यांनी डीईएस या कूटलेखन-पद्धतीवर आधारित रूपांतर २५ वेळा करण्याची आणि प्रत्येक पासवर्डला १२ बिटांचे यादृच्छिक ‘मीठ’ (पासवर्डात मिसळायचा जादा तुकडा) जोडण्याची पद्धत मांडली. त्यामुळे एकाच पासवर्डची ४,०९६ निरनिराळी रूपे होऊ शकतात. या पद्धतीत पहिली आठच अक्षरे मोजली जात, त्यामुळे पुढच्या अक्षरांतील चूक लपून राही. जुन्या यंत्रावरून नव्यावर आल्यावर ‘माझा लांबलचक पासवर्ड अचानक चुकीचा कसा ठरला’ या कोड्याचे मूळ कधी कधी इथे असते.

प्रणालीचे मौन : दोषशोध कठीण होतो तो प्रणाली मुद्दाम गप्प राहते म्हणून. खाते अस्तित्वात नसो वा पासवर्ड चुकलेला असो, पडद्यावर संदेश एकच येतो; नाहीतर खरी नावे कोणती, हे परक्याला कळेल. आरंभीच्या युनिक्समध्ये नाव खरे असेल तरच रूपांतर केले जाई, त्यामुळे उत्तराला लागणाऱ्या वेळावरूनही ते ओळखता येई. मॉरिस-टॉमसन यांनी ही फटही बुजवल्याचे नोंदवले आहे. म्हणून खरे कारण वापरकर्त्याच्या पडद्यावर शोधू नये, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत असते. डेबियन कुळातील लिनक्सवर ही नोंद ऑथ लॉगमध्ये, तर रेड हॅट कुळात सिक्युअर नावाच्या फाइलमध्ये पारंपरिकपणे होते.

सामायिक यंत्रांवर वारंवार आढळणारा एक दोष विशेष सांगण्याजोगा आहे. सहकाऱ्याला फाइल देता यावी म्हणून वापरकर्ता आपली होम डिरेक्टरी (स्वतःच्या फायलींचा कप्पा) सर्वांना लिहिण्यासाठी खुली करतो आणि पुढच्या वेळी त्याची एसएसएच किल्ली (दूरच्या यंत्रावर शिरताना पासवर्डऐवजी वापरायची) चालेनाशी होते. दुसरा कोणी तिथे आपली किल्ली घुसवू शकेल म्हणून सर्व्हर अशा डिरेक्टरीतील किल्ल्यांवर विश्वास ठेवत नाही. वापरकर्त्याला दिसते फक्त ‘परवानगी नाकारली’. लॉगमध्ये मात्र मालकी वा परवान्यांचा दोष स्पष्ट लिहिलेला असतो. किल्ली नव्याने बनवून काहीच साधत नाही, परवाने आवळावे लागतात.

पासवर्ड स्वीकारून पुन्हा लॉगिनचाच पडदा येत असेल, तर प्रमाणीकरण झालेले असते आणि सत्र अडलेले असते. डिस्कवरील जागेचा ठरलेला वाटा (कोटा) संपणे हे त्याचे नेहमीचे कारण. त्याच खात्याने मजकुरी कन्सोलवर (चित्रमय पडद्याऐवजी केवळ अक्षरांच्या पडद्यावर) शिरता आले की निदान जवळजवळ पक्के होते.

केर्बेरॉस : एमआयटीच्या १९८३ मध्ये सुरू झालेल्या अथीना प्रकल्पातून जाळ्यातील यंत्रांसाठीचा हा प्रमाणीकरण-शिष्टाचार (प्रोटोकॉल) आला. नीडहॅम व मायकेल श्रोडर यांचा १९७८ चा आराखडा त्याच्या मुळाशी आहे. त्यात ओळखीचा पुरावा म्हणून मिळणाऱ्या तिकिटांवर वेळ नोंदलेली असते, म्हणून दोन यंत्रांच्या घड्याळांत सामान्यतः पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की बरोबर पासवर्डही नाकारला जातो. एका यंत्रावर कोणालाच शिरता येत नसेल आणि शेजारच्या यंत्रावर सगळे सुरळीत असेल, तर आधी घड्याळ पाहावे.

भारतीय संदर्भ : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० यंत्रावर कामे गठ्ठ्याने चालत, आजच्या अर्थाचे लॉगिन तिथे कालविभागी यंत्रांबरोबर आले. पुण्याच्या सी-डॅकने घडवलेल्या परम मालिकेतील महासंगणक आज अनेक संस्थांत सामायिकपणे वापरले जातात.

मराठी वापरकर्त्यांपुढे कळफलकाची एक अडचण येते : मांडणी मराठीवर राहिली, तर ठिपक्यांआड चुकीची अक्षरे उमटतात आणि दिसत नाहीत. देवनागरी पासवर्डचा प्रश्न याहून खोल आहे. ‘तऱ्हा’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्तायुक्त ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पासवर्डच्या तुलनेसाठी २०१७ च्या आरएफसी ८२६५ या इंटरनेट-मानकाने सांगितलेले एनएफसी सामान्यीकरणही (एकाच अक्षराच्या निरनिराळ्या लेखनांना एक रूप देण्याची युनिकोडची पद्धत) या दोहोंना एक करत नाही, त्यामुळे एका कळफलकावर ठरवलेला पासवर्ड दुसऱ्यावर नाकारला जाऊ शकतो.